ओल्या मडक्याचा आवा

बोरवंड गावाच्या खालच्या अंगाला एक पडकी बारव आहे. तिच्या पायऱ्या उतरून गेलं की पाण्याला लागून एक कोनाडा लागतो. त्या कोनाड्यात ओले महाराज राहत होते, त्या काळची ही गोष्ट. महाराजांचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. ऐन उन्हाळ्यात ते गावात आले तेव्हा अंगावरचं धोतर ओलंचिंब होतं, आणि पुढे जितकी वर्षं ते बोरवंडात राहिले तितकी वर्षं ते कधी वाळलं नाही. वैशाखातल्या फुफाट्यातून महाराज चालत गेले की धुळीत ओली पावलं उमटत, आणि ती लवकर सुकतही नसत. त्यांना आंघोळ करताना मात्र कुणी पाहिलं नव्हतं. कुणी म्हणे, हा बुवा पोरवयातच कुठल्याशा डोहात बुडाला आणि वर आला तो तसाच. लोकांच्या तोंडाला कुठे झाकण असतं? हे बोलणं महाराजांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "बुडालो असेन. नीटसं आठवत नाही."

गावात कुंभारआळीच्या टोकाला हरबा कुंभार आणि त्याची बायको कोंडाबाई राहत. कोंडाबाईच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून ही जन्मली तेव्हा आईने तिला शेजारणीच्या ओटीत टाकलं आणि सूपभर कोंडा देऊन परत घेतलं. मरणाला वाटावं, ही कोंड्याच्या मोलाची पोर, हिला नेऊन करायचं काय! असं नाव लागलेली माणसं एकतर जन्मभर भेदरून राहतात, नाहीतर मरणाशी शेजारधर्माने वागायला शिकतात. कोंडाबाई दुसऱ्यातली. रोज न्याहारीच्या वेळी ती महाराजांना भाकरी नेऊन देई. महाराज भाकरी घेत, ती त्यांच्या हातात भिजून जाई, आणि ते ती तशीच खात. "कोंडे, तुझ्या भाकरीला कालवण लागत नाही," म्हणत. बायका हसत. म्हणत, बुवाच्या नादी लागून कुंभारणीच्या डोक्यात पाणी झालंय. कोंडाबाई म्हणे, "असू द्या. चिखल मळायला कामाला येतंय."

हरबाचा कारखाना आळीत सगळ्यात जुना. पुढे चाकाची पडवी, मागे मडकी सुकवायचं अंगण, आणि अंगणाच्या शेवटी ती भट्टी. बाकीचे कुंभार उघड्यावर गोवऱ्या आणि पाचट रचून आवा लावत. हरबाच्या आजोबाने मात्र विटांची, घुमटाची मोठी भट्टी बांधली होती. आत मधोमध माणूस ताठ उभा राही. दार मात्र गुडघ्यावर रांगून शिरण्याइतकंच. दारालगत खाली सरपणाची चूल, आणि भिंतीत आतली आग बघायला एक भोक. त्याला 'डोळा' म्हणत. बाभळीची लाकडं तोंडात घेऊन ती भट्टी पेटली की शेजारच्या गावातल्या बायका अंगणातली धुणी घरात घेत. चाक हरबाचं, पण भट्टी रचायची ती कोंडाबाईने. कुठलं मडकं कुणाच्या खांद्यावर बसेल, कुणाला मधली जागा सोसेल, कुणाला कड, हे तिच्या हाताला कळे.

आणि या घराची एक चाल होती. भट्टीत सगळ्यात आधी, अगदी मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, एक मडकं ठेवायचं. त्याच्या गळ्याला रेघ ओढायची नाही, अंगाला गेरू लावायचा नाही. मळलेल्या मातीच्या पहिल्या गोळ्याचं ते मडकं. ते कुणी मागितलेलं नसे आणि कुणाला विकायचंही नसे. गावात कुणी गेलं की तिरडीपुढे विस्तव न्यायला ते द्यायचं. ते कुणाच्या दारी जाईल, हे ठेवताना मनातसुद्धा आणायचं नाही. हरबाची आजी सांगत असे, "पोरी, भट्टीला भूक असतीया. तिच्यापुढं एक रिकामं तोंड ठेवावं. न्हाई ठिवलं, तर ती आपलं आपण घडवून घेती."

म्हातारी माणसं असं काहीबाही सांगत असतात, आणि आपण हो म्हणून पुढच्या कामाला लागतो. कोंडाबाई हो म्हणाली होती आणि मडकंही ठेवत आली होती.

त्या वर्षी बोरवंडचे पाटील भुजंगराव यांच्या एकुलत्या एक लेकीचं, मथुरेचं, लग्न निघालं. बोहल्याच्या चार कोपऱ्यांना उतरंडी, वऱ्हाडाच्या पाण्याला रांजण, देवकाला घट, सगळं हरबाकडे. भट्टी लावायच्या दिवशी पाटील स्वतः कारखाना बघायला आले. बरोबर मथुराही आली. तिला लहानपणापासून चिखलाची आवड. घरात मनाई होती म्हणून ती कोंडाबाईच्या अंगणात येऊन चिखलाचे बैल करायची.

"काय रे हरबा," पाटील पडवीतूनच बोलले, "वऱ्हाड येऊन पंगतीला बसेल, आणि तुझे रांजण अजून कच्चेच?"

"आज लावतोच, सरकार. रचून झाल्यात. बघा की."

पाटलांनी हातातल्या काठीवर भार देऊन भट्टीच्या दारातून आत डोकावलं. उन्हाची एक तिरीप आत गेली होती. रांगोळीसारखी बसलेली लालसर मडकी, आणि त्यांच्यापलीकडे, कोपऱ्यात, एक फिकट.

"ते बोडकं काय ठेवलंयस तिथे?"

हरबा कोंडाबाईकडे बघू लागला. नवरे अशा वेळी बायकोकडेच बघतात. कोंडाबाईने पदर सारखा केला. "ते कुणाचं न्हाई, पाटील. चाल हाय घरची. मर्तिकाला लागतं गावात, त्ये."

पाटील काठी टेकत सरळ उभे राहिले. मग त्यांनी सावकाश विचारलं, "माझ्या लेकीच्या बोहल्याच्या मडक्यांशेजारी तू मढ्याचं मडकं भाजतेस?"

"समद्यांच्याच शेजारी भाजतो, पाटील. तुमच्या लग्नालाबी व्हतं. सासू सांगायची."

"बाहेर काढ ते."

"पाटील, त्याबिगर भट्टी लावत न्हाईत. दुसऱ्या कुणाला सांगा तुम्ही, आमच्याच्यानं—"

"हरबा, बाहेर काढ."

हरबा रांगत आत गेला आणि ते मडकं छातीशी धरून बाहेर आला. पाटलांनी काठी उचलून एकच टोला दिला. कच्चं मडकं ते, आवाज न करता खाली बसलं. नुसती माती. मथुरा म्हणाली, "आबा, कशाला?" पण आबांना ऐकू जाण्याची वेळ टळून गेली होती.

"लिंप दार. आणि चूड आण इकडे."

कोंडाबाई पुढे झाली. "पाटील, दुसरं वाळलेलं एकबी मडकं न्हाई. हाय ते समदं लग्नाच्या नावानं घडवल्यालं, ते त्याच्या जागी चालत न्हाई. चार दिस द्या मला."

"तुझा तो ओला बुवा शिकवतो का हे सगळं?" पाटील हसले, आणि पाटील हसले म्हणून त्यांचे गडीही हसले. "त्याला म्हणावं, माझ्यातर्फे आमंत्रण. इथे भट्टीत येऊन बस म्हणावं, धोतर तरी वाळेल एकदाचं."

हरबाने दारात विटा रचल्या, वरून चिखल लिंपला. लिंपणावर उठलेल्या बोटांच्या लाटा त्याने सारख्याही केल्या नाहीत. चूड पेटवून त्याने ती धरली खरी, पण चुलीपाशी वाकायला त्याची कंबर तयार होईना. तेव्हा पाटलांनी ती त्याच्या हातातून ओढून घेतली आणि स्वतः सरपणाला लावली. म्हणाले, "घे. मी पेटवली. बघू कुणाला नेते ती."

भाविकहो, अशी वाक्यं माणसाने बोलू नयेत. ऐकणारं कुणी नाही, असं आपल्याला वाटत असतं.

दुपार चढली. पाटील कडुनिंबाखाली बाजेवर बसले, मथुरा त्यांच्या शेजारी. सरपण धडधडून पेटलं होतं, जाळ बघवत नव्हता, आणि तरी कोंडाबाईला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. बराच वेळ तिला कळेना काय. मग कळलं. आवाज नव्हता. बाभळीचं लाकूड जळताना किती बडबड करतं, पण हे मुकाट्याने जळत होतं. धूर वर जाण्याऐवजी भट्टीच्या अंगावरून खाली उतरत होता आणि अंगणातून सरपटत होता. दावणीची गाढवं एकेक करून वळली, आणि सगळी भट्टीकडे पाठ करून उभी राहिली. तिने भट्टीच्या भिंतीला हात लावला. हात भाजायला हवा होता. भिंत बारवेच्या दगडासारखी गार होती.

"कोंडामावशी," मथुरेने हाक मारली. "आत कुणी राहिलंय का?"

"कुठं आत?"

"भट्टीत. थापतंय कुणीतरी."

कोंडाबाईने भिंतीला कान लावला. आत, लांबवर, थप... थप... थप. ओल्या मडक्याला बाहेरून थापी मारून फुगवतात, तो आवाज. हा आवाज ऐकतच ती या घरात म्हातारी होत चालली होती, तिला तो झोपेतही ओळखू आला असता. आतल्या मडक्याचा तळ झाला होता. पोट भरत आलं होतं. आवाज अजून जड होता, म्हणजे माती ओली होती. पोट झालं की खांदा, खांद्यावर गळा, गळ्यावर तोंड. एवढंच राहिलं होतं.

धूर कडुनिंबाखाली पोहोचला होता. इतक्या मोठ्या अंगणात तो दुसरीकडे कुठेच गेला नव्हता. मथुरेच्या पायांभोवती मांजरासारखा अंग घासत बसला होता.

"आबा, तहान लागली."

पाणी आणलं. ती प्यायली. ओठ कोरडेच. आणखी आणलं. घागर रिकामी झाली, तरी ओठ कोरडेच, आणि ओठांच्या कोपऱ्यापाशी बारीक तडा दिसू लागला, उन्हात घाईने सुकवलेल्या पणतीला जातो तसा. तिच्या तोंडावरचा रंग उडाला नव्हता, बदलला होता. तो कच्च्या मातीचा रंग होता. कोंडाबाईने तिचं मनगट धरलं आणि सोडलं. बोटांचे ठसे मनगटात तसेच राहिले. खोल. ते भरून आले नाहीत.

थप, थप, आता सगळ्यांनाच ऐकू येत होतं.

"वैद्याला बोलवा," पाटील उठत म्हणाले. "गाडी जोडा. उचला हिला." दोन गडी पुढे झाले. उचलेना. भरल्या रांजणासारखी ती पोर बाजेत रुतून बसली होती, आणि बाजेची सुंभं एकेक तुटत होती. "मग विझवा ती आग! बघताय काय?" गड्यांनी चुलीत घागरी रिचवल्या. पाणी जाळातून आरपार गेलं आणि जाळ तसाच राहिला. हरबा जमिनीवर बसून दोन्ही हातांनी ते फुटलेलं मडकं गोळा करत होता. मातीला माती चिकटत नव्हती.

आतला आवाज बदलला. पोकळ येऊ लागला. पोट झालं होतं.

कोंडाबाई धावत सुटली.

बारवेत नेहमी पारवे घुमतात. त्या दिवशी एकही घुमत नव्हता. महाराज शेवटच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसले होते, आणि पाण्याखालचा काळा गाळ उपसून त्याला हाताने आकार देत होते. मडकं जवळजवळ झालं होतं. वेडंवाकडं, जाड, टपटप गळत असलेलं. आळीतल्या शेंबड्या पोराने सुद्धा याहून बरं केलं असतं.

"आलीस," महाराज म्हणाले. "मला वाटलं, चालत येतेस की काय."

"महाराज, पाटलाची मथी—"

"ऐकू येतंय मला. पाण्यातून लांबचं ऐकू येतं." त्यांनी मडक्याचं तोंड अंगठ्याने गोल केलं. "मरण तसं भलं गिऱ्हाईक आहे, कोंडे. खोट काढत नाही, रंग बघत नाही. भांडं तेवढं रिकामं लागतं त्याला. हे घे. कोपऱ्यात नेऊन ठेव."

कोंडाबाईने मडकं हातात घेतलं. त्यातून पाणी तिच्या कोपरांवरून ओघळलं. आणि ती जागची हलली नाही. कुंभाराच्या घरात चालायला शिकायच्या आधी पोरं हे शिकतात की ओलं मडकं जाळापुढे न्यायचं नाही. आतलं पाणी वाफ होऊन मडकं फोडतं, एक फुटलं की त्याच्या खापऱ्या शेजारच्यांना फोडतात, आणि सगळा आवा बसतो.

"महाराज, ओलं हाय हे. भट्टीत फुटंल. समदं घेऊन जाईल."

"हो. फुटेल खरं." महाराजांनी पाय पाण्यातून वर घेतले. "सोबत कुणी असलं, सावकाश शेकवलं, तर नाही फुटायचं. चल. मी पण येतो. पाटलांनी आमंत्रण दिलंय ना?"

ते दोघं अंगणात आले तेव्हा भट्टीतला आवाज गळ्यापर्यंत पोहोचला होता, हलका, झरझर, हात सरावलेल्या कुंभाराचा. मथुरेच्या पापण्या मिटत नव्हत्या आणि उघडतही नव्हत्या. पाटलांचा चेहरा बघवत नव्हता. त्यांनी कोंडाबाईच्या हातातलं मडकं पाहिलं. जन्मभराची सवय अशा वेळीही सुटत नाही. "ओलं मडकं घेऊन आलीस?" ते म्हणाले. "कुंभारीण ना तू?"

"व्हय, पाटील. म्हणूनच तर हात कापत्यात. सरा."

तिने लिंपण उकरलं, विटा ओढल्या. विटा मात्र तापलेल्या होत्या, भिंत गार असली तरी. तळहात चरचरले. ती ओरडली नाही, तेवढा वेळ नव्हता. दार मोकळं झालं आणि तिने आत डोकावलं.

जाळ नव्हता. सगळीकडे लाल काळोख होता, डोळे मिटून सूर्याकडे पाहिल्यावर दिसतो तसा. तिने स्वतःच्या हाताने पालथी रचलेली मडकी आता उताणी होती. प्रत्येकाचं तोंड मागच्या कोपऱ्याकडे वळलेलं. जणू सगळी ऐकत होती. आणि कोपऱ्यात, जिथे ते ठेवायचं असतं तिथे, एक मडकं स्वतःभोवती सावकाश फिरत होतं. थापणारा हात दिसत नव्हता. फक्त थाप पडली की तिथली माती दबे. ती माती बोरवंडची नव्हती. मडक्याच्या गळ्यावर तोंडाची कड उमलायला लागली होती.

"जा," महाराज म्हणाले. "काही बोलू नकोस. कुणाचं नाव मनात आणू नकोस."

सांगायला सोपं आहे. मागे एक पोर मरते आहे आणि तिचं नाव मनात आणायचं नाही. कोंडाबाई गुडघ्यांवर रांगत गेली आणि, तिनेच पुढे कधीतरी हरबाला सांगितलं, सगळा वेळ ती भाकरीच्या पिठाचा विचार करत होती. पीठ संपत आलंय, दळण आणायचंय. तिने ओलं मडकं त्या फिरणाऱ्या मडक्याच्या पुढ्यात ठेवलं.

थाप थांबली.

कोंडाबाई रांगत मागे सरली. तिच्या अंगावरून, त्या एवढ्याशा दारातून, महाराज आत गेले. कोपऱ्यात जाऊन त्यांनी मांडी घातली, ओलं मडकं उचलून मांडीत घेतलं आणि त्याच्याभोवती धोतराचा सोगा गुंडाळला. न्हाऊ घातलेलं मूल घेतात तसं. "थोडं थोडं तापू दे," ते म्हणाले. "आता दार लाव. नीट लिंप, फट राहू देऊ नकोस. आणि सरपण हात राखून घालू नकोस."

"महाराज, तुम्ही बाहेर या आधी."

"मी बाहेर आलो तर हे फुटेल, कोंडे. तूच म्हणालीस."

तिने पहिली वीट लावली. दुसरी लावताना कुणीतरी तिचं मनगट धरलं. पाटील होते. "अगं बाई," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्यांच्या गड्यांनीही कधी ऐकला नव्हता असा होता, "बुवा आत आहेत."

"मला दिसतंय, पाटील. विटा द्या."

आणि भुजंगराव पाटलांनी विटा दिल्या. एकेक करून, हात भाजत. शेवटच्या विटेच्या फटीतून महाराज दिसले, ते मडक्याकडे बघत होते, बाहेर नाही. कोंडाबाईने ती फट लिंपली. भट्टी पेटवणाऱ्याने जे केलं ते रागात केलं, पण हिने जे केलं ते पुऱ्या शुद्धीत केलं, हे लक्षात ठेवा. भक्ती म्हणजे टाळ कुटणं असं ज्यांना वाटतं त्यांनी तर जरूर ठेवा.

लाकडं बोलू लागली. आधी एक तडकलं, मग सगळीच. भट्टीने श्वास ओढला, धूर अंगणातून उठला आणि सरळ आभाळात गेला, आणि भिंतीतून अशी धग आली की सगळे चार पावलं मागे हटले. बाजेवरून आवाज आला, "आबा, मला घाम आलाय." कोंडाबाईने जाऊन आधी तिचं मनगट पाहिलं. बोटांचे खड्डे भरून आले होते. मथुरेने तांब्याभर पाणी मागितलं, आणि ते पाणी तिच्या हनुवटीवरून ओघळलं. पाटलांनी ते आपल्या उपरण्याने पुसलं आणि पुसतच राहिले, हनुवटी कोरडी झाली तरी.

मग ते भट्टीकडे वळले. "आता तरी काढा त्यांना."

"भट्टी पुरी व्हायची हाय," हरबा म्हणाला. "आणि झाल्यावर निवायची हाय. मधीच दार उघडलं, तर वारं लागून आतलं समदं तडकतं, सरकार." 'समदं' म्हणताना त्याचा आवाज चिरकला.

दिवस मावळेपर्यंत सरपण घातलं. भट्टीच्या भिंतीतल्या डोळ्यातून बघायचं धाडस कुणी केलं नाही. एकदा, आग अगदी भरात असताना, आतून गुणगुणणं ऐकू आल्यासारखं वाटलं, बाळाला जोजवताना बाई जसं शब्दांवाचून गुणगुणते तसं. पण आगीचे किती आवाज असतात. मथुरेला गाडीतून घरी पाठवलं. पाटील गेले नाहीत. बाज मोडली होती, ते जमिनीवर बसले. कोंडाबाईने हातांना लोणी चोळून फडकी बांधली आणि तीही बसली, हातभर अंतर सोडून.

"तुला भीती नाही वाटली?" पाटलांनी विचारलं.

"वाटली की. अजून वाटतीया." थोड्या वेळाने ती म्हणाली, "मनातल्या मनात शिव्या घातल्या मी म्हाराजांला. मी भाकरी देत व्हते तुम्हाला, म्हटलं, आणि तुम्ही माझ्या हातून ह्ये करून घेतलं."

त्या दोघांच्या मनात एकच गोष्ट होती आणि ती बोलायची दोघांचीही छाती नव्हती. भिंतीपलीकडे एक माणूस बसलेला होता. एकाने त्याला थट्टेने बोलावलं होतं. दुसरीने श्रद्धेने कोंडलं होतं. दार उघडल्यावर जे दिसेल त्यापुढे थट्टा आणि श्रद्धा यांत काही फरक उरेल की नाही, हे त्यांना माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भट्टी निवली तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. हरबाने लिंपण सोडवलं, विटा काढल्या. दारातून ऊब आली, आणि तिच्यामागून पहिल्या पावसानंतरचा नव्हे, तर जुन्या, खोल विहिरीच्या पाण्याचा वास आला. आतून आवाज नव्हता. हरबा मागे सरला. कोंडाबाई पुढे झाली, पण तिचे हात बांधलेले होते, रांगता येईना.

"तू थांब," पाटील म्हणाले. "पेटवली मी होती."

ते जमिनीला टेकले आणि आत शिरले. दाराच्या कडेला डोकं लागून पागोटं पडलं. त्यांना कळलं नाही. मडकी पुन्हा पालथी होती, जशी कोंडाबाईने रचली होती तशीच. पिकल्या बोरासारखी लाल, अंगावर ओरखडासुद्धा नाही. त्यांच्यामधून वाट काढत, राखेत हात टेकत पाटील कोपऱ्यापर्यंत गेले. तिथे त्या फिरणाऱ्या मडक्याची नुसती राख होती, फिकट, वर्तुळ धरून पडलेली. आणि तिच्यापुढे महाराज मांडी घालून बसले होते, डोळे मिटून. मांडीत ते वेडंवाकडं मडकं होतं. पक्कं भाजलेलं. बारवेच्या गाळासारखं काळं.

पाटलांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. शिवायची हिंमत होईना.

"कोण?" महाराजांनी डोळे न उघडता विचारलं.

भुजंगराव पाटलांना आयुष्यात हा प्रश्न फारसा कुणी विचारला नव्हता. त्यांना पाहून लोक आपणच उठून उभे राहत. त्यांनी तोंड उघडलं, आणि आपल्याजवळचं एकच नाव खरं आहे असं त्यांना वाटलं.

"मथीचा बाप."

"बरी आहे ना पोर?"

पाटलांनी होकाराची मान हलवली. महाराजांनी डोळे उघडले नव्हते, तरी त्यांना ते कळलं असावं.

"मग हे आता उचल माझ्या मांडीवरून," महाराज म्हणाले. "हळू. रात्रभर सांभाळलंय. आणि माझ्या पायांना मुंग्या आल्यात, पाटील, ते जरा चोळून दे. एका जागी बसायची सवय राहिली नाही."

दाराशी कोंडाबाई ओणवी होऊन बघत होती. तिला आतलं बोलणं ऐकू आलं नाही. तिला फक्त पाटलांचे तळवे दिसत होते आणि राखेने माखलेली पाठ. ती पाठ आधी थोडी हलत होती, पाय चोळणाऱ्या माणसाची हलते तशी. मग ती आणखी खाली गेली आणि हलायची थांबली. मग एकदम गदगदून हलू लागली, आणि तिच्यावर महाराजांचा एक हात येऊन टेकला, ओला.

कोंडाबाईने पदराने डोळे पुसले. पडलेलं पागोटं उचललं, त्यावरची राख फडक्यातल्या हातांनी जमेल तशी झटकली आणि ते मांडीवर घेऊन उंबऱ्याशी बसून राहिली. आत जाऊन ते द्यावं असं तिला वाटलं नाही. आणि आतल्यालाही त्याची आठवण झाली नाही.

कच्चे आहोत, भाविकहो, ओलेही आहोत, आणि पुढे आग आहे हे तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. तुम्हाआम्हाला त्या वेळी कुणाची तरी मांडी लाभो.